डावखुऱ्याचा कोयता आणि माझा चार पानी अर्ज

लिहून देणार : मी स्वतः. वय अठ्ठेचाळीस, शिक्षण इयत्ता नववी, व्यवसाय इतरांचे अर्ज लिहिणे.
विषय : तीन पाती, आणि त्यांची तुलना करताना माझ्या हातून घडलेली चूक.
ठिकाण : सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याची कचेरी व तिच्यासमोरचा कडुनिंब.
काळ : याच दशकातले एक वर्ष, दसऱ्यानंतरचा सोमवार ते बुधवार.
साक्षीदार : एक, म्हसवडकडील मेंढपाळ. दोन, निवृत्त सुभेदार, मूळचे औंधाकडचे, हल्ली मुलीच्या गावी म्हणजे आमच्या गावी मुक्काम. तीन, कचेरीतील साहेब.

साक्षीदारांची नावे मला पाठ आहेत, परंतु ती येथे लिहिलेली नाहीत. या प्रकरणात दोषी मी एकटा असल्याने इतरांना कागदावर ओढण्याचे कारण नाही.

सोमवार हा आमचा बाजाराचा दिवस. त्या सोमवारी मेंढपाळ कडुनिंबाखालच्या माझ्या मेजापुढे येऊन उभे राहिले. पटका, खांद्यावर घोंगडी, आणि कमरेला कोयता अडकवण्याची चामड्याची पट्टी. पट्टी रिकामी होती. त्या दिवसांत तालुक्यात हत्यारबंदीचा हुकूम लागू होता. नवी मूठ बसवून परत निघालेल्या या गृहस्थांचा कोयता बाजाराच्या तोंडाशी शिपायाने काढून घेतला होता व तो कचेरीत जमा झाला होता. शिपायाने हुकुमाप्रमाणेच केले. उसाचा हंगाम तोंडावर असल्याने ऊसतोडीचे कोयते हुकुमातून वगळलेले होते. मेंढपाळाच्या कोयत्याविषयी मात्र हुकुमात अवाक्षर नव्हते.

"गुरुवारी पहाटं मेंढरं घाट उतरून कोकणात निघणार," ते म्हणाले. "कोयत्याबिगर जाऊ कसा? पाला कशानं तोडू, रातच्याला मेंढरांच्या जाळीपुढं, वाघरापुढं, काटं कशानं लावू?"

"दुसरा घ्या की एखादा. बाजारात लोहार बसलेत."

"दुसरा मला चालायचा न्हाई."

हे वाक्य त्यांनी दोनदा उच्चारले. का चालायचा नाही, हे मी विचारावयास हवे होते. मी विचारले नाही. वीस वर्षे अर्ज लिहिणाऱ्या माणसाला समोरच्याचे अर्धे वाक्य ऐकताच उरलेले स्वतःच सुचू लागते, आणि त्यालाच तो अनुभव म्हणतो.

मला सुचले ते असे. हा कोयता कामाचे अवजार आहे हे सिद्ध करावयाचे, तर त्याची इतर पात्यांशी तुलना करावी. अशी तुलना आमच्या कचेरीत पूर्वी कोणी सादर केलेली नव्हती. त्यामुळे मी मेंढपाळांना सावलीत बसवले, कोयत्याचे वर्णन सविस्तर उतरवून घेतले आणि दुपारी सुभेदारांच्या परसात गेलो. त्यांच्याकडे पलटणीतून आणलेली कुकरी होती. ऊसतोडीचा एक कोयता मी शेजारच्या मळ्यातून मागून आणला.

त्या दुपारइतका आनंद मला लिखाणाच्या कामात फार कमी वेळा मिळाला आहे. सुभेदारांनी बाभळीचे एक वाळलेले लाकूड आडवे टाकले आणि कुकरी म्यानातून काढली. तिची पाठ बोटभर जाड, पाते मधूनच खाली वाकलेले, सारे वजन टोकाकडे. तिला जोर द्यावा लागत नाही. हात वर नेला की उतरण्याचे काम ती स्वतःच करते. चार घावांत लाकूड दुभंगले.

"देखा?" सुभेदार मिशीवर हात फिरवीत म्हणाले. "बर्फात तंबूच्या खुंट्या हिनंच तासल्या. डबा हिनंच फोडला. तुमच्या त्या धनगरी विळ्याची काय बिशाद!"

"अहो सुभेदार, पण हिनं कोवळा पाला काढून दाखवा," मी म्हणालो.

त्यांनी शेवरीची एक लवचीक फांदी धरली आणि घाव घातला. फांदी वाकली, तुटली नाही. दुसरा घाव घातला, तेव्हा सालीसकट लोंबू लागली.

"ही फांदीच बेशिस्त हाय," ते म्हणाले. सुभेदारांची मुलगी दारातून हसली.

नंतर ऊसतोडीचा कोयता. रुंद, पातळ, हलका. शेवरी त्याने अशी तोडली की आवाजही झाला नाही. बाभळीवर मात्र पहिल्याच घावाला धार दुमडली, आणि मळेकऱ्याला काय सांगावे याची मला चिंता पडली. सुभेदारांनी कानस आणून तासभर बसून ती सरळ केली. कुकरीची बाजू घेणारा माणूस परक्या कोयत्याला इतक्या मायेने धार लावताना पाहून मला त्यांच्याविषयी जे वाटले ते अर्जात लिहिण्याजोगे नव्हते, म्हणून येथे लिहितो. अशी माणसे शेजारी असणे हे भाग्य आहे.

तिसरे पाते कचेरीत बंद होते. ते मी ऐकीव माहितीवर रंगवले. ट्रकच्या पाट्यातून घडवलेले, हातभर लांब, टोकाला आत वळलेली चोच. त्या चोचीने उंच फांदी खाली ओढावी आणि त्याच हाताने तोडावी. वाळले लाकूड आणि कोवळा पाला, दोन्ही एका धारेवर. निकाल उघड होता. रात्री जेवण्यापूर्वी चार पाने पूर्ण झाली. त्यातील माझे आवडते वाक्य मी घरात मोठ्याने वाचून दाखवले : "सदरहू कोयता हा भारतीय सैन्यातील कुकरीसही मागे टाकणारा असून त्याच्या एका घावापुढे मनगटाएवढे कोणतेही लाकूड टिकत नाही."

पत्नी म्हणाली, "मनगट कशाला लिहिलंत?"

मी तिला उपमा म्हणजे काय ते समजावून सांगितले.

मंगळवारी साहेबांनी अर्ज वाचला. चारही पाने वाचली, हे त्यांचे सौजन्य. मग चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"तुमचं म्हणणं, हे सैन्याच्या हत्यारापेक्षा भारी आहे?"

"होय साहेब. तुलनेअंती सिद्ध केले आहे."

"आणि हत्यारबंदी चालू असताना ते मी बाजारात सोडून द्यावं?"

 साहेबांनी अर्जाच्या समासात लिहिले, 'बंदी उठल्यावर विचार व्हावा,' आणि कागद बाजूला सरकवला. बंदी उठण्यास महिना होता. मेंढरे गुरुवारी निघणार होती.

बाहेर कडुनिंबाखाली मेंढपाळ बसून होते. मी घडले ते सांगितले. काही लपवले नाही, एवढेच त्या दिवसाचे माझे पुण्य. त्यांनी डाव्या हाताने खांद्यावरची घोंगडी सावरली.

"आवं, तुमी लिवलं चांगलंच आसंल," ते म्हणाले. "पण त्यो लय भारी हाय म्हून पायजे आसं न्हाई. त्यो डावा हाय म्हून पायजे."

"डावा म्हणजे?"

"म्या डावखुरा. साऱ्या कोयत्यांची धार एकाच अंगानं काढल्याली असती, उजव्या हाताच्या हिशेबानं. डाव्यानं मारला की त्यो लाकडावरनं निसटून गुडघ्याकडं येतो. ह्यो बघा." त्यांनी धोतर सरकवून गुडघ्याखालचा जुना वण दाखवला. "म्हून म्हसवडच्या लोहाराकडनं उलट्या अंगानं धार काढून घेतली. म्हातारा गेला आता. त्याच्या पोरास्नी ते जमत न्हाई."

चार पाने लिहिणाऱ्या माणसाने कोयता कोणत्या हातात धरला जातो एवढे विचारले नव्हते. पाते किती लांब, किती जाड, किती जड, सर्व नोंदवले. फक्त हात विसरलो. उजव्या हाताचा साक्षीदार म्हणून मी सुभेदारांना बुधवारी कचेरीत येण्याचे बोलावणे पाठवले आणि नवा कागद घेतला.

"आता तुम्ही सांगा. मी फक्त लिहितो."

"लिवा. ह्यो कोयता डावखुऱ्याचा हाय. दुसऱ्याच्या हातात त्यो चालत न्हाई. बघा, आन् मग द्या."

मी एकही शब्द वाढवला नाही. हात शिवशिवत होता, हे कबूल करतो.

बुधवारी सकाळी साहेबांनी तीन ओळी वाचल्या, हसले, आणि शिपायाला कोयता आवारात आणावयास सांगितले. सायकलींच्या छपरावर सुबाभळीची एक फांदी आलेली होती. प्रथम साहेबांनीच हात आजमावला. पाते सालीवरून घसरून त्यांच्याच गुडघ्याकडे आले. "अरेच्चा," ते म्हणाले आणि एक पाऊल मागे सरले.

"द्या साहेब, आपला हात सरावाचा हाय," सुभेदार पुढे झाले. त्यांचा घाव जोरदार होता, म्हणून घसरणेही जोरदार झाले. कोयता छपराच्या खांबावर खणकन आपटला.

"सुभेदार, खांबानं काय गुन्हा केला?" कोणीतरी म्हणाले. सुभेदारांनी कोयत्याकडे पाहिले, मग मेंढपाळांकडे, आणि मूठ पुढे करून तो त्यांच्या डाव्या हातात दिला.

मेंढपाळांनी चोचीने फांदी खाली घेतली. मनगट किंचित वळले. फांदी जमिनीवर होती, पाला जसाच्या तसा. मग सवयीनेच त्यांनी ती उचलून बाजूला, कोणाच्या पायात येणार नाही अशी ठेवली.

"पोत्यात गुंडाळून न्या," साहेब म्हणाले, "आणि वाटेत कोणाला तुलना करून दाखवू नका."

सारे हसले. मीही हसलो, थोडा उशिराने.

मेंढपाळ दुपारच्या गाडीने गेले व गुरुवारी मेंढरांबरोबर घाट उतरले. पावसाळ्याच्या तोंडाला परतताना ते कचेरीसमोर थांबले, माझ्या मेजावर करवंदांचा द्रोण ठेवला आणि निघाले. मी त्यांना बसते करून विचारले, "त्या पहिल्या अर्जाबद्दल मला काही बोलला नाहीत."

"काय बोलायचं त्यात? तुमी माज्यासाठीच लिवलं हुतं की."

हे वाक्य मी आजतागायत निकालात काढू शकलेलो नाही. त्यांचा हंगाम माझ्या एका उपमेमुळे बुडणार होता, आणि त्यांनी दोष देण्याऐवजी करवंदे दिली. तक्रारदाराने तक्रारच न केल्याने आरोपीची सुनावणी अडून राहिली आहे.

तरी मेहेरबान वाचकांस नम्र विनंती की, वर नमूद हकिकत वाचून, मी निर्दोष सुटलो किंवा कसे, याचा निर्णय आपणच द्यावा. निर्णय माझ्याविरुद्ध असल्यास तो सौम्य न करता कळवावा. मी कडुनिंबाखाली सकाळी दहापासून हजर असतो. उत्तर तीन ओळींत असावे, ही विनंती.

कळावे.