थोरल्या भाऊजींचं नाव

मैत्रिणींनो, वकिलांकडून आले आणि टांग्यातून उतरल्या उतरल्या हे लिहायला बसले.

आमचे हे वारल्यावर थोरल्या भाऊजींना मी मुखत्यारपत्र दिलं. त्यांच्यासमोर कागद वाचणं बरं दिसेना, म्हणून न वाचताच सही केली. विम्याचे पैसे त्यांनी स्वतःच्या नावावर ठेवले.

वकील म्हणाले, "आधी मुखत्यारपत्र रद्द करू, बँकेला तसं कळवू. मग नोटीस देऊन हिशेब मागू. नाही दिला तर दावा लावू. फौजदारीही करता येईल."

मला रडूही आलं नाही.

नोटिशीत घालायला वकिलांनी विचारलं, "त्यांचं नाव सांगा की, बाई."

सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव आपण कधी घेत नाही. आज घेतलं, आडनावासकट. काहीच वाटलं नाही.

घरच्या माणसानं पुढे केलेला कागद तुम्ही त्याच्यासमोर वाचता का हो?