धक्क्यावरची बाई

साठाव्या वर्षी मी चित्रकलेच्या वर्गाला जायला लागले. मुलगी वाघोलीहून फोनवर म्हणाली, ‘‘आई, सो कूल!’’ आमचे हे पेपराआडून म्हणाले, ‘‘भिंतीवर रंग उडवू नकोस.’’

यांची नोकरी खडकीला, कारखान्यात, तपासणी खात्यात. सगळी उमर वस्तू नाकाजवळ धरून तिच्यातली खोट शोधण्यात गेली. खोट सापडली की तिथल्या तिथे, त्या वस्तूवरच एक बारीक लाल रेघ मारायची आणि ती बाजूला ठेवायची, अशी तिथली पद्धत. हे निवृत्त झाले, नजर मात्र अजून कामावर आहे. कोथिंबिरीची जुडी, इस्त्रीचे कपडे, जावई, सगळं आमच्याकडे वीतभर अंतरावरून तपासलं जातं.

वर्गातल्या सरांनी मला नक्कल करायला पुस्तकातलं एक चित्र दिलं. भूमध्य समुद्रावरचं छोटंसं बंदर. शिडाच्या होड्या, दगडी धक्का, मागे गुलाबी घरं, आणि हे सगळं नुसत्या ठिपक्यांनी रंगवलेलं. शैलीचं नाव ‘उत्तर-दृक्प्रत्ययवाद’. रिक्षातून घरी येईपर्यंत ते माझ्या लक्षात राहिलं, ही माझी पहिली कमाई. मी पाहिलेला समुद्र अलिबागचा, मातकट. इथे पाण्यात निळ्याशेजारी नारिंगी आणि हिरव्याशेजारी जांभळा! सर म्हणाले, रंग आपण मिसळायचे नाहीत, शेजारी शेजारी ठेवायचे. मिसळायचं काम लांबून बघणाऱ्याचे डोळे करतात.

चार महिने मी ठिपके देत होते. कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक शीड व्हायचं.

वर्गाचं प्रदर्शन होतं, पण खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं काही नव्हतं. मला ते चित्र आमच्या हॉलमध्ये लागायला हवं होतं, आणि यांनी एकदा तरी ते नीट बघायला हवं होतं. ‘चालेल’ हा आमच्याकडचा सर्वोच्च पुरस्कार. इतक्या वर्षांच्या संसारात मला तोही मोजक्याच वेळा मिळालाय.

चित्र पुरं झालं त्या दुपारी मी चहा टाकायला आत गेले. कप घेऊन बाहेर येते तर हे कॅनव्हासला नाक लावून उभे आणि हातात माझाच ब्रश. धक्क्यावर, एका होडीच्या टोकाशी, लाल रेघ. उभी, तांदळाच्या दाण्याएवढी.

‘‘अहो, हे काय केलंत?’’

‘‘होड्या सहा आहेत. पाण्यात प्रतिबिंबं पाचच. या होडीचं राहिलंय.’’

त्यांचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. हातातला ब्रश बघून ते स्वतःही दचकले असावेत, कारण तो त्यांनी घाईघाईने पाण्याच्या भांड्यात टाकला. पण चुकलं म्हणायची पद्धत आमच्याकडे नाही. मी भांडले, रडले, मग दोन दिवस कामापुरतंच बोलले. रेघ वाळून गेली. तिला हात लावायची मला इच्छाच होईना.

तिसऱ्या दिवशी चित्र फ्रेम करायला कॅम्पातल्या दुकानात नेलं. हे उचलायला सोबत आले. दुकानातल्या चाचांनी आमच्या लग्नाचा फोटोही फ्रेम केलेला आहे. त्यांनी चित्र दारात टेबलावर उभं केलं आणि मला म्हणाले, ‘‘ताई, जवळून काय बघताय? समोरच्या फुटपाथवर जा.’’

गेले. दोन स्कूटर आणि एक टेम्पो मधून निघून गेल्यावर चित्र दिसलं, आणि मी बघतच राहिले. ठिपके नाहीसे झाले होते. पाणी हलत होतं. गुलाबी घरांवर संध्याकाळचं ऊन होतं. आणि धक्क्यावर लाल साडीतली एक बाई कुणाची तरी वाट बघत उभी होती.

चाचा तिथेही येऊन पोचले. ‘‘ती लाल साडीवाली कोण हो? झकास उभी आहे!’’

मी यांना हाताने बोलावलं.

‘‘मला इथून दिसतंय,’’ हे दुकानातून म्हणाले आणि पुन्हा वाकून रेघ तपासू लागले. मला एवढं वाईट वाटलं, की घरी येताना रिक्षाभर मी बाहेरच बघत होते.

प्रदर्शनात कौतुक झालं, ते राहू दे. चित्र घरी आलं, हॉलमध्ये लागलं. यांची खुर्ची पंख्याखाली असते, चित्राच्या भिंतीपासून जेमतेम तीन हातांवर. तिच्यावर जावयालाही बसता येत नाही आणि ती कधी हललेली मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. बघते तर ती स्वयंपाकघराच्या दारात, वाट अडवून, आणि हे तिच्यात बसून चित्राकडे बघताहेत. तव्यावरची पोळी करपली तरी त्यांनी मान वळवली नाही.

मग म्हणाले, ‘‘सहावं प्रतिबिंब तेवढं रंगव. बाई मात्र राहू दे.’’

मी गॅस बंद केला. मी म्हणाले, ‘‘इथून टीव्ही दिसत नाही हं तुम्हाला.’’

‘‘माहीत आहे.’’

खुर्ची अजून तिथेच आहे. आत-बाहेर करताना मला अंग चोरून जावं लागतं, आणि मी एकदाही कुरकुर केलेली नाही.