दवातला कापूस आणि अमरावतीची ग्रंथबैठक

छापखान्याच्या मालकाला कोणाला तरी अमरावतीला पाठवायचं होतं, आणि त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून बसलो. मुंबईत एका जागी माझा जीव रमत नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक आहे. काम सोपं होतं. नारायणराव मास्तरांचं वऱ्हाडावरचं पुस्तक पुन्हा काढायचं, तर त्यांना जुनी प्रत दाखवून 'असंच छापा' अशी सही आणायची.

ती सही होऊ नये म्हणून मी निघालो होतो. शाळेत मी दोनच वर्षं गेलो. खरं वाचायला शिकलो ते छापायच्या दगडी शिळेवर शाई फिरवता फिरवता. शिळेवर अक्षरं उलटी असतात, त्यामुळे अजूनही मला उलटं चटकन वाचता येतं. या पुस्तकातलं एक वाक्य असंच वाचलं होतं: 'वऱ्हाडातील बाया वजन वाढावे म्हणून दवाने भिजलेला कापूस पहाटेच वेचतात.' माझी माय कापूस वेचते, आणि दवातच वेचते. ते वाक्य मीच माझ्या हातांनी शेकडो कागदांवर उठवलं होतं.

जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, आगगाडी रूळ आहेत तिथवरच नेते. पुढं भाड्याची गाडी करू नका. स्टेशनात कापूस उतरवून बैलगाड्यांची रांग रिकामी परतत असते. तंबाखूची पुडी दिली की गाडीवान बसवून घेतो. समुद्रापलीकडं कुठं लढाई चालली आहे म्हणे, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव. माझ्या गाडीवानाच्या बैलांच्या शिंगांवर पितळी टोपणं चमकत होती, आणि त्याच्या स्वतःच्या पायात जोडा नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, बैल लोकांच्या नजरेत येतात, मी कुठं येतो. घोंगड्या दोन न्या, एकीनं थंडी भागत नाही.

दोन मुक्कामांनी अकोला. तिथं गणूजींकडे उतरलो. जातीनं माळी, नदीकाठी वांगी-मेथीचा मळा, आणि दुपारी झाडाखाली बसून गोष्टी लिहिणार. अमरावतीच्या ग्रंथबैठकीत त्यांनी आणि मास्तरांनी समोरासमोर बसून बोलायचं ठरलेलं होतं. ज्वारीची भाकर आणि कांद्याची पात घातलेलं भरीत खाता खाता मी त्यांना ते वाक्य सांगितलं, आणि तुम्हीच मास्तरांना बोला अशी विनवणी केली.

"म्या बोललो तं दोन लेखकांचं भांडण होते," गणूजी म्हणाले. "तू बोलला तं कापसाचं बोलणं होते."

पुढं मूर्तिजापूरवरून बडनेऱ्याला तीन दिवस लागले. वाटेत नव्या रुळांसाठी मातीचे बांध घातले जात होते. माझं गाव वाटेवरच होतं, पण मी उतरलो नाही. मायला काय सांगणार होतो?

बैठक अमरावतीत एका व्यापाऱ्याच्या कापसाच्या वखारीत होती. दिवेलागणीची वेळ, श्रोते कापसाच्या बोऱ्यांवर, दोघे लेखक एकाच बाकावर. मी आयुष्यात पुष्कळ तमाशे पाहिले, पण नुसत्या बोलण्याला माणसं अशी खिळलेली पाहिली नव्हती. आपण लिहितो ते कोणासाठी, न पाहिलेलं लिहावं का, यावर दोघांनी एकमेकांना असं छेडलं की व्यापारी तोंडातला विडा चघळायला विसरले. मास्तर म्हणाले, आपण वऱ्हाडचं गावन् गाव पाहूनच लिहिलं.

"कशावरून पाह्यलं, मास्तर?" गणूजींनी विचारलं.

"घोड्यावरून."

"मंग बोंड लहानच दिसलं असन."

हसण्यात मास्तरही होते. मग गणूजींनी माझ्याकडची जुनी प्रत घेऊन ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि मला पुढं बोलावलं. शब्द सुचेनात, म्हणून मी शेजारच्या बोरीतून, कापसाबरोबर आलेली, बोंडं लागलेली एक वाळकी फांदी काढली. सुकलेलं पान बोंडासकट चुरगाळलं. त्याचा भुगा कापसात असा शिरला की काढता येईना. दुसऱ्या पानावर तांब्यातलं पाणी शिंपडलं, थोडं थांबलो. ते मऊ पडलं आणि अख्खं उचलून आलं. कापूस पांढराशुभ्र.

"म्हणून दवात वेचते माही माय," एवढंच निघालं तोंडून. "मंग उन्हात वाळवते. मंगच तोलाले देते."

मास्तरांनी फांदी मागून घेतली आणि दोन्ही गोष्टी स्वतःच्या हातांनी करून पाहिल्या. मागून एक व्यापारी म्हणाला की भिजवलेला कापूस तर आमच्या वखारीत येतोच.

"येतो," मास्तर म्हणाले. "तो कोण भिजवतं ते मला माहीत नाही. माहीत नसताना मी लिहिलं."

त्यांनी भर बैठकीत दौत मागवली आणि छापलेल्या ओळीवर रेघ मारली. मग मला शेजारी बाकावर बसवून म्हणाले, "आता तू सांग, मी लिहितो." माझं बोलणं लिहून घेताना एक शब्द कळला नाही, तो त्यांनी दोनदा विचारला. खाली सही केली. पुस्तकं लिहिणारा माणूस एवढा मोठा असू शकतो हे मला तिथं कळलं.

परतताना गावी उतरलो. मायला सारं सांगितलं. ती सरकी वेगळी करत होती, मान वर न करता म्हणाली, "येवढ्यासाठी काहून गेला अमरावतीले? कोन्याबी बाईले इचारलं असतं त्यानं." मग मला गोवऱ्यांवर भाजलेले चार रोडगे बांधून दिले. ते आगगाडीत संपले.

आता मुंबईत आहे. पहिल्या आवृत्तीच्या प्रती लोकांच्या घरांत आहेत, त्यांतली ओळ मला पुसता येत नाही, आणि हे मनातून जात नाही. पण काल नवं पान शिळेवर चढलं. कागद टाकायच्या आधी मी वाकून ती ओळ वाचली. कागदावर सुलट व्हायच्या आधीच वाचली, आणि मग छापयंत्राचा दांडा ओढला.