सरकारची पोळी

"ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी!" असं म्हणून ती खरोखरच एक टाळी वाजवायची. हात बहुधा पिठाचे असायचे. त्यामुळे म्हणीबरोबर पीठही उडायचं आणि समोरच्याला, म्हणजे बहुतेक वेळा मलाच, ते झटकत बसावं लागायचं.

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत ती माझी कुंपणापलीकडची शेजारीण. मूळची अहमदनगरची, पिढ्यान्पिढ्यांची मराठी ख्रिस्ती. नवरा सोन्याच्या खाणीत अवजड ट्रकांचा मेकॅनिक. दोन मुली, आणि दोघीही शाळेत जात नव्हत्या. शाळा घरातच भरायची. सकाळी आठला प्रार्थना, एक मराठी भजन आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर गणित. मी सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका. आता तुम्हीच सांगा, आमचं कसं जमावं?

सुरुवातीला मी तिला सुनावलंही होतं. "मुलींना जगापासून लपवून ठेवते आहेस तू."

"लपवत नाही, ताई. जगाची ओळख करून देते, पण आधी माझा हात धरून." वर गरम पोळी वाढली. भांडायचं कसं अशा बाईशी?

इथे चर्चच्या शाळांनाही सरकार पैसे देतं, घरी शिकवणाऱ्या आईबापांच्या हाती मात्र काही पडत नाही. गावात अशी पाच-सहा कुटुंबं होती. आमच्याही मुलांच्या वाट्याचे पैसे द्या, असा अर्ज त्यांनी खासदाराला लिहायचं ठरवलं. सही करायला एकटी हीच तयार होईना. "आज पैसे देतील, उद्या येशूचं नाव कुठल्या तासाला घ्यायचं तेही तेच ठरवतील." टाळी. पीठ. मलाही तो अर्ज मान्य नव्हता, कारण करांचा पैसा सरकारी शाळांनाच पुरत नाही असं माझं मत. उत्तर एकच, कारणं उलटी. तरी त्या दिवशी आम्ही दोघींनी जिंकल्यासारखा चहा घेतला.

पण तिची धाकटी नऊ वर्षांची झाली तरी तिला वाचता येत नव्हतं. पोरगी हुशार. बापाच्या ट्रकचा भाग न् भाग तिला माहीत होता. पुस्तक उघडलं की मात्र मान खाली जायची. "आय कान्ट, मम. दे कीप मूव्हिंग." अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे हलायची.

घरी शिकवणाऱ्यांकडे वर्षातून एकदा शिक्षण खात्याची व्यक्ती येऊन मुलांची प्रगती बघते. त्या वर्षी आलेल्या बाई प्रेमळ होत्या, पण स्पष्ट बोलल्या. काही महिन्यांनी पुन्हा येईन, तेव्हाही वाचन जमलं नाही तर घरी शिकवण्याची परवानगी राहणार नाही.

त्याच दुपारी ती माझ्या दारात आली. हाताला पीठ नव्हतं. "ताई, मी पोरीचं नुकसान तर करत नाही ना?"

'म्हटलं होतं ना मी' हे शब्द अगदी जिभेवर आले होते. तिचा चेहरा बघून गिळले, आणि गिळले याचं मला आजही बरं वाटतं. आमच्या शाळेत अशा मुलांसाठी खास शिक्षिका आहे, फुकट शिकवते, पण मुलीचं नाव शाळेत घालावं लागेल, असं मी सांगितलं.

"सरकारची पोळी," ती म्हणाली. टाळी वाजवली नाही.

पुढच्या आठवड्यात बघते तर ही शाळेच्या ऑफिसात फॉर्म भरत उभी! मुलीचा नव्हे, स्वतःचा. मुलांचं वाचन ऐकायला शाळेला नेहमीच माणसं कमी पडतात. ती रोज सकाळी त्या खास शिक्षिकेच्या हाताखाली बिनपगारी काम करणार होती आणि शिकवायचं कसं ते बघून घेणार होती. रात्रपाळी करून आलेला नवरा तेवढा वेळ मुलींपाशी बसणार होता.

"पोळी खाणार, ताई," ती म्हणाली, "पण भांडी घासून."

पहिल्याच दिवशी घोटाळा केला. पुस्तक उघडण्याआधी तिने एका सहा वर्षांच्या मुलीला हात जोडायला लावले. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. "नो वरीज, पण इथे नको." तेव्हापासून ती एकटीच क्षणभर डोळे मिटायची. मुलांना वाटलं, वाचन असंच सुरू करतात, म्हणून तीही सगळी डोळे मिटायला लागली. मुख्याध्यापकांनी हात टेकले.

सकाळी शाळेत पाहिलेलं दुपारी तिच्या घरी चालायचं. शाळेत रंगीत वाळूत अक्षरं गिरवून घेत. हिने अंगणातली लाल माती चाळून परातीत पसरली. "आपली धूळपाटीच की ही," मी म्हणाले. त्यावर आम्ही खूप हसलो.

शिक्षण खात्याच्या बाई पुन्हा आल्या तेव्हा तिने मलाही बोलावून घेतलं. बाईंनी स्वतःजवळचं पुस्तक काढलं. ही उठली आणि सिंककडे तोंड करून उभी राहिली. समोर बसले तर माझे ओठ हलतील, म्हणाली. धाकटी एका शब्दाशी अडली. तिने बोटाने तो शब्द टेबलावर गिरवला आणि पुढे वाचायला लागली. दोनच पानं, पण मला घाम फुटला. "वेल डन, मेट," बाई म्हणाल्या. सिंकपाशी पाठमोरे खांदे हलत होते.

तो अर्ज पुन्हा निघाला तेव्हाही तिने सही केली नाही. "तुम्ही मागा, मी अडवणार नाही. पण मिळालं तर भांडीही घासा." करांबद्दलचं माझं मतही बदललं नाही. 'लपवणं' हा शब्द मात्र मी पुन्हा कधी उच्चारला नाही.

तिच्या नवऱ्याला देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉलॉंगॉंगला नोकरी लागली. तिच्या शेवटच्या दिवशी असेंब्लीत सगळ्या शाळेने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. ती गोंधळली. मग गर्दीत त्या खास शिक्षिकेला शोधून तिच्याकडे बघत स्वतःच टाळ्या वाजवायला लागली. जाताना माझ्या कानाशी म्हणाली, "पोळी चांगली होती हं, ताई."

आता सकाळी मुलांचं वाचन ऐकायला तिच्या बुटक्या खुर्चीवर मी बसते. मुलं पुस्तक उघडतात, डोळे मिटतात. मी प्रार्थना करणाऱ्यांतली नाही. पण त्यांनी डोळे उघडेपर्यंत मी थांबते.