हं म्हणायचं राहून गेलं

माझ्या खात्यावर एक पुस्तक आहे, भिंतीवर टांगायची एक पितळी पाटी आहे, आणि एक बाई आहे, जी बावीस वर्षं गोठलेल्या नदीच्या मधोमध एक पाय उचलून उभी आहे. पुस्तक आणि पाटी यांच्याबद्दल माझ्या निवृत्तीच्या समारंभात बरंच बोललं गेलं. बाईचा उल्लेख कोणी केला नाही. ती माझ्यामुळे तिथे अडकली आहे, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

इथल्या मूळ रहिवाशांमध्ये गोष्टी सांगणारी जी जुनी माणसं आहेत, त्यांच्याकडे जायचं, ऐकायचं, टेप करायचं आणि भाषांतर करायचं, हा माझा तीस वर्षांचा उद्योग. अ‍ॅशबर्न या आमच्या गावातल्या मराठी घरांत माझी ओळख "काकू रेड इंडियन्सवर पीएचडी आहेत" अशी करून दिली जाते. मागे एकाने हातातली समोशाची प्लेट सावरत विचारलं, "काकू, म्हणजे ते लोक अजून आहेत?" मी म्हटलं, "आहेत. तुझ्यापेक्षा नवा फोन आहे त्यांच्याकडे." "सो कूल, यार," तो म्हणाला आणि चटणीकडे वळला. मी ज्या जमातीकडे जायची, तिचं नाव इथे लिहीत नाही. ते मी आधीच गरजेपेक्षा जास्त ठिकाणी छापलं आहे.

त्यांच्यातली एक आजी पार उत्तरेला, देशाच्या सरहद्दीजवळ राहायची. ऐंशीच्या आसपासची, आणि जिभेला धार. जमिनीवर बर्फ असेपर्यंतच गोष्टी सांगायच्या, हा त्यांचा नियम, म्हणून मी दर हिवाळ्यात जायची. दार उघडून ती म्हणायची, "आलीस? तुझ्या देशातल्या गोष्टी संपल्या वाटतं." मग ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसायची, मी टेपरेकॉर्डर लावायची. गोष्ट तिच्या भाषेत चालायची. ती भाषा मला समजण्यापुरती येत होती.

आमच्या प्राध्यापकांनी शिकवलं होतं की चांगला अभ्यासक खोलीतल्या फर्निचरसारखा असतो. मान हलवायची नाही, हुंकार द्यायचा नाही, खोकायचं नाही. मी फर्निचर होण्यात लवकरच नाव कमावलं. माझ्या टेपा इतक्या स्वच्छ असायच्या, की वर्गात नमुना म्हणून ऐकवल्या जायच्या.

बावीस वर्षांपूर्वी थंडी सरत आली असताना तिने दोन बहिणींची गोष्ट सुरू केली. धाकटी नदीपलीकडे गेली ती परतली नाही. थोरली तिला आणायला गोठलेल्या नदीवरून निघते. मधोमध पोचते तोच मागे बर्फ तडकल्याचा आवाज येतो आणि समोरून धाकटीची हाक. ती एक पाय उचलते.

इथे आजी थांबली. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग खुर्ची सरकवून उठली आणि चहाचं आधण ठेवलं.

मी टेप बंद केली. "मग पुढे?"

"आज पुरे," ती म्हणाली. "तू दमलेली दिसतेस."

मी दमले नव्हते. दोन दिवसांनी ऊन पडलं, अंगणातलं बर्फ गेलं आणि गोष्टी बंद झाल्या. पुढच्या हिवाळ्यात मी गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. पानगळीतच ती गेली होती.

या अर्ध्या गोष्टीवर माझं पुस्तक उभं आहे. हा समाज शेवट नाकारतो, अपूर्णता हेच त्यांचं सौंदर्यशास्त्र, असं मी त्यात मांडलं. अठ्ठावीस पानांचं प्रकरण. शेवट नसलेल्या गोष्टीवरच्या त्या प्रकरणाला मात्र अगदी ठाकठीक शेवट होता. पाटी त्याच्यासाठीच मिळाली.

गेल्या पानगळीत आजीच्या नातीचा फोन आला. ती गोष्ट टेप केली तेव्हा ती सात वर्षांची होती. आता तिथल्याच शाळेत मुलांना त्यांची भाषा शिकवते. आमच्या विद्यापीठाने वेबसाइटवर टाकलेलं रेकॉर्डिंग तिने ऐकलं होतं.

"हे आजीचं बोलणं नाही," ती म्हणाली. "आवाज तिचा आहे. पण ती कुठे थांबतच नाही. कोणी पाठीमागे लागल्यासारखी बोलते. आणि शेवट कुठाय?"

मी जावयाला विचारलं. तो इथेच एका डेटा सेंटरमध्ये आहे. ज्या बिनखिडक्यांच्या इमारतींमध्ये जगाचं सगळं साठवतात, त्यांतल्याच एकीत.

"आई, त्यांनी ऑडिओ क्लीन केला असणार. बाकीच्यांचे आवाज काढतात, सायलेन्स आपोआप ट्रिम होतो. डेड एअर कोणाला हवीय?" माझा चेहरा बघून तो वरमला. "ओरिजिनल कॅसेट आहे ना तुमच्याकडे?"

तळघरात दिवाळीच्या माळांच्या खोक्याखाली होती. जावयाने कुठूनसा एक जुना प्लेअर आणला. रविवारी दुपारी घरात कोणी नसताना मी ती लावली.

पहिली काही मिनिटं आजी एक वाक्य बोलते आणि थांबते, आणि लगेच एक बारीक आवाज एक छोटा शब्द म्हणतो. अर्थ आपल्या 'हं'इतकाच. ती नात. मग टेपवर माझा आवाज येतो, तरुण आणि अतिशय गोड: "बाळा, तू जरा पलीकडच्या खोलीत बसतेस का? हे बघ, तुला रंग आणलेत." पावलं जातात, दार लागतं.

त्यानंतर आजी एक वाक्य बोलते आणि थांबते. कोणी काही म्हणत नाही. ती पुढे जाते. पुन्हा थांबते, या वेळी जरा जास्त. थांबणं दर खेपेला वाढत जातं. ती मला संधी देत होती. शेवटच्या वेळी भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके ऐकू येतात इतकी ती थांबते. मग खुर्ची सरकते.

नागपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मच्छरदाणीत वडील गोष्ट सांगायचे, ते आठवलं. पाटबंधारे खात्यातले कारकून. "हं म्हण," ते म्हणायचे, "हं नाही तर गोष्ट नाही." हं थांबला की पोरगी झोपली असं समजून तेही कूस बदलायचे. मला हे अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत होतं. विसरायला दोन पदव्या लागल्या.

मी नातीला फोन करून सगळं सांगितलं.

"रंग आठवतात मला," ती म्हणाली. "नवा डबा होता." मग, "म्हणजे शेवट तुमच्याकडे नाही."

"नाही."

"मला वाटलं, ठेवून घेतला असेल. तुम्ही लोक ठेवून घेता."

"अगं, असता तर कधीच छापला असता."

ती हसली. मी नाही हसले. "नंतर तुला तरी सांगितली असेल ना?" मी विचारलं.

"नाही. ज्याच्यासाठी सुरू केली, त्याला आधी पुरी करायची असते. मी मागायचे, तर म्हणायची, ती लांबची झोपाळू येऊ दे. आता ती गोष्ट येणारं दुसरं कोणी उरलं नाही." ती थांबली. "मुलं विचारतात हो, पोचली का ती? मी काय सांगू?"

तिने मूळ टेप मागितली. निदान आजी कुठे थांबायची, ते मुलांना कळेल. मी ती पाठवली.

जानेवारीत तिकडे बर्फ साठल्यावर तिने फोन केला. वर्गात पाच मुलं होती, टेप लावणार होती. "तुम्हीही ऐका," ती म्हणाली. "तुमच्यासाठी सुरू केलेली आहे." मी खुर्ची ओढून बसले.

आजी बोलू लागली. ती थांबली की मुलं तो शब्द म्हणत, आधी लाजत, मग ओरडून. माझा गोड आवाज आला तेव्हा एक जण खुदकन हसला. टेपवरची मुलगी उठून गेली, दार लागलं, पण आता मोकळ्या जागांत पाच आवाज होते. आजी नदीपर्यंत आली. बर्फ तडकलं, हाक आली, पाय उचलला गेला. मुलांनी तो शब्द म्हटला. पुन्हा म्हटला, मोठ्याने. घड्याळाचे ठोके पडत राहिले. मग खुर्ची, आणि आधण.

"ती बोलत का नाही?" एका मुलीने विचारलं.

"तिला आपण ऐकू येत नाही," नात म्हणाली. मग फोनजवळ येऊन, "तुम्ही आहात ना?"

"हं," मी म्हटलं. "आहे."

"हॅलो? आहात का?"

"हं, हं, आहे गं!"

ती वाट पाहत होती. तिचा श्वास मला स्पष्ट ऐकू येत होता. तेव्हा माझं लक्ष फोनकडे गेलं. माझ्या डिशवॉशरचा आवाज मुलांना नको म्हणून टेप सुरू होतानाच मी म्यूटचं बटण दाबलं होतं. मी चष्मा शोधू लागले.

तिकडे खुर्ची सरकली.