मुरलेलं पाणी

कानडी मुलखातल्या एका मोठ्या शहरात, बसवनगुडीतल्या त्या घराच्या मागच्या अंगणात एक विहीर होती आणि तिच्यावर कस्तुराबाईंचं राज्य होतं. सोवळ्याला त्यांच्या घरी मडी म्हणत. मडीचं पाणी भरून होईपर्यंत सून शालनलाही पोहऱ्याला हात लावायची मुभा नव्हती. त्यामुळे १९९२ च्या उन्हाळ्यात महानगरपालिकेच्या मलेरिया खात्याचा माणूस प्लास्टिकची बादली घेऊन आला आणि "विहिरीत मासे सोडायचेत" म्हणाला, तेव्हा कस्तुराबाई मागच्या दारात आडव्याच उभ्या राहिल्या.

"मासे? देवाच्या पाण्यात?"

त्या माणसाचं नाव होतं जयतीर्थ. नावावरूनच तो आपल्यातला आहे हे कळत होतं. तो चप्पल काढून उभा राहिला आणि म्हणाला, "अक्का, मीही मठात जाणाराच. पण ह्या पाण्यात डासांची पिल्लं किती वळवळतायत बघा. हे गप्पी मासे ती खाऊन टाकतात. मासे नकोत तर रॉकेल ओततो. त्याचाही हुकूम आहे."

कस्तुराबाईंनी बादलीत डोकावून पाहिलं. नखाएवढे पंधरावीस मासे होते. रॉकेलचा वास सात पिढ्या जाणार नाही, हे त्यांना कळत होतं.

"सरी, सोड," त्या शेवटी म्हणाल्या. "पण माझ्या पोहऱ्यात एक जरी आला ना, तर तुझ्या खात्यात येऊन बसेन."

पोहऱ्यात एकही आला नाही. कस्तुराबाई तोंडाला फडकं बांधलेला पोहरा सोडू लागल्या आणि विषय मिटला. त्यांच्यापुरता. शालनचा मात्र तिथूनच सुरू झाला.

शालन तेव्हा चौतीस वर्षांची होती. कोलारहून लग्न होऊन आली, त्याला तेरा वर्षं झाली होती. नवरा हयवदन बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात नकाशे काढायचा. साडेसहाची कंपनीची बस धरायचा, तो दिवेलागणीला परत. मुलगी अनुषा दहा वर्षांची, शाळेत. दुपारी कस्तुराबाई पोथी घेऊन बसत आणि शालन विहिरीच्या कठड्याला टेकून खाली पाहत बसे. महिन्याभरात पंधराचे दीडशे झाले होते. नर कोणता, मादी कोणती, पोट कधी फुगतं, पिल्लं कुठे लपतात, कोण कुणाच्या मागे लागतं, हे सगळं तिला वरूनच ओळखू यायला लागलं. आजूबाजूची मुलं जॅमच्या बाटल्या घेऊन येऊ लागली. ती फडक्यात धरून दोनचार मासे द्यायची आणि सांगायची, "भाताची शितं घालू नका हं त्यांना. पाणी नासतं." मुलं ऐकायची नाहीत, मासे मरायचे, मुलं परत यायची. शालन पुन्हा द्यायची, पुन्हा सांगायची.

दोन वर्षांनी एकदा ती नवऱ्याबरोबर शहरातल्याच शिवाजीनगरच्या बाजारात गेली. तिथं एका दुकानात तिने पहिल्यांदा एंजल मासा पाहिला. पातळ, चंद्रकोरीसारखा, उभ्या काळ्या पट्ट्यांचा. तो हलत नव्हता, नुसता पाण्यात टांगल्यासारखा होता. हयवदन भाजी घेऊन परत आला तरी ती तिथंच.

"अहो," ती म्हणाली, "आपल्या भागात असं दुकान एकही नाही."

हयवदन कमी बोलणारा माणूस. रात्री जेवताना त्याने ताटावरून मान वर न करता म्हटलं, "गुरुराजच्या पिठाच्या गिरणीशेजारचा गाळा रिकामा आहे. शिंपी गेला सोडून." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यातल्या मोठ्या कागदावर त्या गाळ्याचा नकाशा काढून आणला. कुठे किती टाक्या, वायर कुठून, पाणी कुठून, सगळं काटेकोर.

दुकानाचं नाव त्याने सुचवलं: मीनाक्षी. "देवीचं नाव आहे. आईला नाही म्हणता येणार नाही."

कस्तुराबाई नाही म्हणाल्या नाहीत. त्या काहीच म्हणाल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. नातेवाइकांत मात्र चांगलीच कुजबुज झाली. वैष्णवांच्या सुनेने मासे विकायचे! दुकान उघडलं त्याच आठवड्यात एक गृहस्थ कापडी पिशवी घेऊन आले, टाक्यांकडे पाहून गोंधळले आणि हळूच विचारलं, "अक्का, बांगडा इल्लवा?" नाही का बांगडा? शालन हसून हसून स्टुलावर बसली. घरी येऊन तिने हे नवऱ्याला सांगितलं, तर आत देवघरात कस्तुराबाईंचा खाकरण्याचा आवाज आला. तो हसू दाबण्याचा होता असं अनुषाचं ठाम मत.

हसणं फार दिवस टिकलं नाही. मद्रासहून पहिला माल आला. थर्मोकोलच्या पेटीत, हवा भरलेल्या पिशव्यांत चाळीस एंजल. हयवदनने रजा घेतली, सकाळी स्टेशनवरून रिक्षाने पेटी आणली. शालनने टाक्या लख्ख घासून नळाच्या ताज्या पाण्याने भरून ठेवल्या होत्या. मासे सोडले. काय दिसत होते! गुरुराज पिठाच्या हातांनी काचेशी येऊन उभा राहिला. दुपारी मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. संध्याकाळपर्यंत एकतीस आडवे झाले होते.

शालनने एकेक मासा वाटीने काढला. एवढे जीव आपल्या हातून गेले. ज्या घरात मुंग्यांसाठी दारात पीठ टाकतात, त्या घरातली आपण. घरी येऊन ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली आणि तिला रडू आवरेना.

"बंद करते उद्यापासून," ती म्हणाली.

कस्तुराबाई भाजी चिरत होत्या. विळी बाजूला सारून त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं घातलंस?"

"नळाचं. सकाळीच भरलं, अगदी ताजं."

"नळाचं?" कस्तुराबाईंचा आवाज चढला. "त्या पाण्याला औषधाचा वास येतो गं! तांब्यात घेतलं तर नाकात जातो. म्हणून मी देवालासुद्धा ते घालत नाही. अन् तू त्या मुक्या जिवांना त्यातच कोंडलंस? आपण पाणी घोटभर पितो. ते तर चोवीस तास त्यातच."

शालन डोळे पुसायची थांबली. विहिरीतले मासे दोन वर्षांत एकदाही आजारी पडले नव्हते. एवढी साधी गोष्ट तिला दिसली नव्हती.

"आत्याबाई," ती चाचरत म्हणाली, "विहिरीचं पाणी नेऊ दुकानात?"

कस्तुराबाई पुन्हा विळीवर बसल्या. दोन वांगी चिरून झाल्यावर म्हणाल्या, "माझी मडी झाल्यावर ने. त्याच्या आधी नाही."

मग रोज संध्याकाळी बसमधून उतरलेला हयवदन, चहा घेऊन, स्कूटरच्या पायापाशी एक आणि मागे एक असे दोन कॅन ठेवून दुकानात जाऊ लागला. नळाचं पाणी लागलंच, तर ते पिंपात दोन दिवस उघडं राहू देऊन मगच वापरायचं असं ठरलं. उरलेले नऊ एंजल जगले, धष्टपुष्ट झाले. गिरणी सुरू झाली की टाक्या थरथरायच्या. त्यावर गुरुराजनेच उपाय सुचवला: टाकीखाली थर्मोकोलचे जाड तुकडे. वर्षभरात शालनला आणखी एक गोष्ट कळली. जुन्या टाकीत सोडलेले मासे टिकतात, नव्या कोऱ्या टाकीत कितीही चांगलं पाणी घाला, निम्मे जातात. तिने स्वतःशीच त्याला नाव दिलं. नवं पाणी कच्चं असतं, ते मुरावं लागतं. आणि तेव्हापासून तिने दुकानात असा नियम लावला की गिऱ्हाइकं चक्रावली: टाकी आज घ्या, मासे तीन आठवड्यांनी.

"अक्का, धंदा करताय की व्रत?" गुरुराज म्हणायचा. काही लोक खरंच तणतणत निघून गेले.

९६ साली एका शनिवारी जीन्स घातलेली एक बाई सहासात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाचे डोळे रडून सुजले होते. बाई हिंदीत म्हणाली की कालच पाच गोल्डफिश घेतले होते, दुसऱ्या दुकानातून, सगळे मेले, तेव्हा आता चांगल्यातले पाच द्या, लगेच. मग मुलाकडे वळून म्हणाली, "रडू नको रे ध्रुव, घेऊ आपण दुसरे."

"आज नाही मिळायचे," शालन मराठीत म्हणाली.

बाई दचकली. "तुम्ही मराठी?"

"हो की. तुम्ही कुठल्या?"

"पुण्याची. सॉफ्टवेअरमध्ये आहे मी, सुचेता. सहा महिने झाले येऊन." तिने शालनकडे जरा निरखून पाहिलं. "पण तुमचं मराठी… म्हणजे, क्यूट आहे. वेगळंच."

"साडेतीनशे वर्षं झाली आमच्या लोकांना इकडे येऊन. स्वल्प बदललं असणार," शालन म्हणाली. "मासे मात्र आज देणार नाही. उद्या हेही मरतील आणि हा पुन्हा रडेल."

"अहो पण मी पैसे देतेय! माझी रिस्क."

"रिस्क तुमची कशी? मरणार मासे."

सुचेताने ध्रुवचा हात धरला. तिला राग आला होता हे दिसत होतं. शालनने तिच्याशी वाद घातला नाही. ती ध्रुवपुढे वाकली, जुन्या टाकीच्या तळातली मूठभर वाळू पिशवीत घातली आणि त्याच्या हातात दिली. "हे विरजण आहे. दुधाला लावतात ना आई, तसं. घरच्या टाकीत घाल, मोटर चालू ठेव आणि रोज एकदा बघून ये, पाण्याचं काय होतंय ते. तीन आठवड्यांनी मला येऊन सांग."

"विदाउट फिश?" ध्रुवने विचारलं.

"पाणीच बघायचं."

सुचेता पिशवी घेऊन गेली. गुरुराज म्हणाला, गेलं गिऱ्हाईक. पण तीन आठवड्यांनी दोघं आली. ध्रुवने वहीत रोजची नोंद आणली होती: आज पाणी पांढरं, आज थोडं पांढरं, आज काचेवर हिरवं, आज एक गोगलगाय, कुठून आली माहीत नाही. शालनने ती वही सबंध वाचली आणि मग त्याला स्वतः निवडून दोन मासे दिले. पाच नाही. ते जगले. पुढच्या महिनाभरात सुचेताच्या कंपनीतली निम्मी पुण्या-नागपूरची मंडळी गिरणीशेजारच्या त्या गाळ्यात येऊन गेली, आणि "पाणी मुरलं का?" हा त्यांच्यात एकमेकांना विचारायचा प्रश्न झाला.

त्या सुमाराला नऊ एंजलांतल्या दोघांची जोडी जमली होती. शालनने त्यांना वेगळी टाकी दिली आणि आत अनुषाची जुनी पाटी तिरकी उभी केली. मादीने पाटीवर ओळीने अंडी घातली, मोहरीसारखी, पण पारदर्शक. दोघं आळीपाळीने पंखांनी वारा घालत होती. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. दोघांनी मिळून अंडी खाल्ली होती. असं तीनदा झालं.

कस्तुराबाई संध्याकाळी मठात जाताना हल्ली दुकानावरून जात. आत येत नसत, पायरीवर उभ्या राहत. तिसऱ्या वेळी त्यांनी पायरीवरूनच विचारलं, "आई आपलीच अंडी खाते?"

"घाबरली की खाते, आत्याबाई. गिऱ्हाइकं काचेवर टकटक करतात, मुलं नाक लावतात. तिला वाटतं, आता काही खरं नाही."

कस्तुराबाई मठात न जाता घराकडे वळल्या. परत आल्या त्या थेट दुकानात शिरल्या, पहिल्यांदाच. हातात त्यांच्या जुन्या लुगड्याचा घडी केलेला तुकडा होता.

"बाळंतिणीच्या खोलीला पडदा लावायचा असतो, एवढंही कुणी शिकवलं नाही का कोलारात?" त्या म्हणाल्या. "बांध हा. आणि पिल्लं चांगली हलायला लागेपर्यंत कुणाला डोकावू देऊ नकोस. तूसुद्धा नाही."

शालनने पडदा बांधला. तिला स्वतःला राहवत नव्हतं, पण सकाळी खाणं टाकण्यापुरताच ती एक कोपरा उचलायची. पुन्हा अंडी पडली, त्याच्या नवव्या दिवशी कस्तुराबाई आल्या, स्टुलावर बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "उघड बघू."

पडदा सरकला. टाकीभर बारीक टिंबं पोहत होती. शंभर असतील, दीडशे असतील. आईबाप दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांसारखे उभे. एक पिल्लू भरकटलं, तसं बापाने त्याला तोंडात धरलं. कस्तुराबाईंनी "अगं बाई!" म्हणून शालनचा हात घट्ट पकडला. बापाने ते पिल्लू नेऊन घोळक्यात थुंकलं. कस्तुराबाई मोठ्याने हसल्या. इतक्या मोठ्याने, की गुरुराज गिरणी बंद करून बघायला आला.

त्यानंतर शालनला मद्रासहून एंजल मागवावे लागले नाहीत. होसकोट्याहून, म्हैसूरहून लोक गिरणीशेजारच्या अक्कांचे एंजल विचारत येऊ लागले. वेगवेगळ्या जातींच्या सहा जोड्या झाल्या, प्रत्येकीला आपापला पडदा. हयवदन रविवारी काचा पुसायचा. अनुषा कॉलेजात गेली, तिने प्राणिशास्त्र घेतलं.

९८ च्या शेवटी गुरुराजने मोठ्या रस्त्यावर दुकानं बांधली आणि त्यातलं कोपऱ्यावरचं, दोन बाजूंना काच असलेलं, शालनला देऊ केलं. ती आणि हयवदन एका दुपारी बघायला गेले. जागा छान होती. उजेड भरपूर, गाड्या लावायला जागा, वर पोटमाळा. हयवदनने खिशातून टेप काढली, मापं घेतली आणि तिच्याकडे पाहिलं.

शालन मधोमध उभी राहून एकदा सगळीकडे वळली.

"चाळीस टाक्या बसतील," हयवदन म्हणाला.

"बसतील. पण मग मला माणसं ठेवावी लागतील, आणि ती काय, कुणालाही कधीही मासे देऊन टाकतील," ती म्हणाली. "तिथं मी स्टुलावर बसते ना, तर सगळ्या टाक्या मला मान वळवली की दिसतात. मला तेवढं पुरे आहे."

हयवदनने टेप गुंडाळली. गुरुराजला जरा वाईट वाटलं, पण त्याने ती जागा चष्म्याच्या दुकानाला दिली आणि दोन्हीही चांगली चालली. शालन त्या दिवशी चारला परत येऊन कुलूप उघडून आत बसली. पिंपाचं झाकण बाजूला ठेवलं, पाणी बघितलं आणि बाहेर ताटकळत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "या. टाकी किती दिवसांची आहे?"