शनिवारचं गप्प बसणं

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. वडील वालीवच्या कारखान्यात मशिनवर, आई घरच्या भातशेतीत. ही गोष्ट मी नव्या माणसाला तिसऱ्या वाक्याला सांगायचो, अजूनही सांगतो. त्यात लाजायचं काय? वसईतल्याच एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा गोखिवऱ्याहून सायकलने जायचो. रस्त्याला तबेल्यांचा वास असायचा, आणि नव्या बिल्डिंगांचे नुसते खांब उभे दिसायचे.

दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. कॉलेजात भांडणं झाली की चौकशी आणि शिक्षा एवढंच आम्हाला माहीत. त्याऐवजी माणसांना समोरासमोर बसवून बोलतं कसं करायचं, याचं प्रशिक्षण सगळ्या कर्मचाऱ्यांना द्यायचं ठरलं. शनिवारी दुपारी बाकं भिंतीला सारून खुर्च्या गोल मांडायच्या. प्राध्यापक, कारकून, लॅबमधले, गेटवरचे, सगळे एकाच गोलात.

शिकवायला माणिकपूरच्या एक निवृत्त बाई यायच्या. मुंबईत नवरा-बायकोची भांडणं सोडवण्यात त्यांची उमर गेलेली. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "चूक कोणाची हे तुम्हाला चांगलं शोधता येतं. इथे विचारायचं ते एवढंच, कोणाला काय लागलं, आणि ते आता भरून कसं काढायचं. विचारलं की गप्प बसायचं."

गप्प बसणं हीच अडचण. आम्ही मास्तर लोक. समोरचा अर्धं बोलला की उरलेलं आम्ही पूर्ण करणार, वर "बरोबर ना?" असं विचारणार. त्याला हो म्हणण्याशिवाय गत्यंतर नाही. बाईंनी दोन शनिवार सहन केलं. तिसऱ्या शनिवारी त्यांनी पर्समधून लिमलेटच्या गोळ्यांची पुडी काढली.

"प्रश्न विचारा आणि गोळी तोंडात टाका. विरघळेपर्यंत बोलायचं नाही."

आमचे हेडक्लार्क म्हणाले, "बाई, गप्पच बसायचं तर मी घरी बसलो असतो. तिथे माझा रोजचा सराव आहे."

"मग तुमचा पहिला नंबर," बाई म्हणाल्या.

माझी पाळी आली तेव्हा मी अर्ध्यावरच गोळी कडकन चावली. "सर, आवाज आला," बाई म्हणाल्या, आणि दुसरी गोळी पुढे केली. इतकी हसली माणसं. ती दुपार, ते पंख्याचं घरघरणं, प्राध्यापकांच्या शेजारी बसून गेटवरच्या वॉचमनने खाल्लेली गोळी, हे सगळं आठवलं की अजून बरं वाटतं.

त्याच सुमारास शेवटच्या वर्षाची एक मुलगी ऑफिसात दाखला मागायला आली. तिला कॉलेज सोडायचं होतं. आईवडील मिठागरावर कामाला, घरात शिकणारी ही पहिलीच. हेडक्लार्कने मला येऊन सांगितलं, "सर, तुमच्यातली एक निघाली." चौकशी केली तर कळलं, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये तिच्या हातून ब्युरेट, म्हणजे मोजमापाची लांब काचनळी, फुटली होती आणि लॅबमधले काका सगळ्या बॅचसमोर म्हणाले होते, "मीठ उपसायचे हात हे. यांना काच कशी पेलणार?"

बाई म्हणाल्या, "दोघं तयार असतील तर बसवा. तुम्हीच बसवा. मी मागे बसते."

दोघं आले. मी मुलीला विचारलं, "तुला काय लागलं?" आणि गोळी तोंडात टाकली.

ती खाली बघत राहिली. मला तर सगळं पाठ होतं. तो टोमणा, तो अपमान, आपल्यासारख्यांना कसं वागवतात, सगळं ओठांवर आलेलं. गोळी या गालातून त्या गालात फिरवत बसलो.

मग ती म्हणाली, "बोलले त्याचं रडले मी एक दिवस. पन त्यानंतर काका मला काय करूच देत नाहीत. मी जायच्या आधी माझी ब्युरेट भरून लावून ठेवतात. पानी ओतायचं तरी काकाच ओततात. बाकीच्या पोरी बघतात. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला मी काय करू? मला येतच नाही असं वाटाय लागलंय."

हे माझ्या पाठातलं नव्हतंच. काकांच्याही नसावं.

"अगं, मी तुझं काम हलकं करत होतो," ते म्हणाले. "बोलून गेलो त्या दिवशी, मग जेवण गोड लागेना. माफी मागायला तोंड होईना. म्हटलं, निदान एवढं तरी करू."

"मला वाटलं, मी परत फोडीन म्हनून करताय."

"नाही गं बाई."

थोड्या वेळाने मी विचारलं, "आता काय झालं तर तू राहशील?"

"मी भरीन. काकांनी बघायचं नाही."

"नाही बघणार," काका म्हणाले. "फुटली तर?"

"फुटली तर मी झाडीन." मग मान वर करून म्हणाली, "आनि आमच्या मिठाचं बोललात ते. आयच्या हातून टोपलीतलं मीठ सांडत नाही कधी."

"बॅचसमोर बोललो," काका म्हणाले, "तर सांगेनही बॅचसमोरच."

पुढच्या प्रॅक्टिकलला मी काही कारण काढून लॅबच्या दाराशी गेलो. काकांनी घसा साफ केला, "मी त्या दिवशी बोललो ते चूक होतं," एवढं जमिनीकडे बघत सांगितलं, आणि पाठ फिरवून कपाट आवरायला लागले. मुलीने ब्युरेट स्टँडला लावली, वरून हळूहळू भरायला लागली. काकांच्या हातात कपाटातली एकच बाटली होती. ती कधीच पुसून झाली होती तरी ते पुसत राहिले, पण मान वळवली नाही.